मैदानाची सीमारेषा : गोलंदाज बाळू पालवणकर

ता. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र तुमच्यापैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. आपल्या नव्या मुंबईंत, नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर, भारताच्या महिला संघानें दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा ५२ धांवांनीं पराभव करून विश्वचषक जिंकला. त्या विजयी मुलींपैकीं कोण कोणत्या घरांत जन्मली, कोणाचे वडील काय करितात, हें विचारून कोणी टाळ्या वाजविल्या नाहींत. जिनें धांवा काढिल्या तिच्या धांवा मोजल्या गेल्या, आणि जिनें गडी बाद केले तिच्या नांवावर ते मांडले गेले. ही गोष्ट आज आपणांस श्वासोच्छ्‌वासाइतकी स्वाभाविक वाटते. परंतु ती पूर्वीं तशी नव्हती.

याच मुंबई इलाख्यांत, एकोणिसावें शतक संपून विसावें सुरू होत असतां, एक असा गोलंदाज होऊन गेला कीं, त्याच्या हातून सुटलेला चेंडू त्याचे सोबती निःशंकपणें झेलीत. परंतु त्याच हाताचा स्पर्श झालेला पेला त्यांस चालत नसे. चेंडूस विटाळ होत नसे. पेल्यास मात्र होई! त्या पुरुषाचें नांव बाळू पालवणकर. क्रिकेटच्या जुन्या बखरींत ते ‘पी. बाळू’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. परदेशांत जाऊन भारताचें नांव गाजविणाऱ्या आपल्या पहिल्या खेळाडूंत त्यांची गणना होते. त्यांचें चरित्र आज आपणांस अभ्यासावयाचें आहे.

बाळूचा जन्म ता. १९ मार्च १८७६ रोजीं धारवाड येथें झाला. कोंकणांतील पालवण हें या घराण्याचें मूळ गांव. त्यावरून पालवणकर हें आडनांव. हें कुटुंब चर्मकार समाजाचें, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणें अस्पृश्य मानिलेलें. वडील लष्करी खात्यांत चाकरीस होते, त्यामुळें मुलांचें बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेलें. बाळू व त्याचा धाकटा भाऊ शिवराम यांनीं गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या जुन्या फळ्यांवर व चेंडूंवर खेळाचे पहिले धडे गिरविले. शाळेंत फार काळ राहणें परिस्थितीनें शक्य झालें नाहीं, आणि पोरवयांतच बाळूस कामास लागावें लागलें.

पहिलें काम मिळालें तें पुण्यांतील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबांत. खेळपट्टी झाडावी, तीवर रूळ फिरवावा, आणि कोणी बोलाविलें तर चार चेंडू टाकावे. वेतन महिना ३ रुपये. पुढें सन १८९२ च्या सुमारास तो युरोपियन लोकांच्या पूना क्लबांत गेला, तेथें वेतन ४ रुपये झालें. जाळीं उभारणें, चुन्याच्या रेषा आंखणें, पट्टी निगुतीनें राखणें, हें त्याचें नित्याचें काम. एके दिवशीं एका साहेबानें त्याच्या हातीं चेंडू देऊन सरावासाठीं गोलंदाजी करावयास सांगितलें, आणि त्या दिवसापासून त्याच्या आयुष्यास नवें वळण लागलें.

त्या क्लबांत कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग नांवाचे लष्करी अधिकारी होते. ते हिंदुस्थानांतील युरोपियन फलंदाजांत अग्रगण्य मानिले जात; हेच ग्रेग पुढें लष्करी पेशा सोडून कॅथलिक धर्मोपदेशक झाले. ते इतरांच्या आधीं मैदानावर येत आणि बाळूच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत. आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे बक्षीस देण्याचा त्यांनीं परिपाठ ठेविला होता, असें सांगतात. हिशेब करून पाहा: महिन्याचें वेतन ४ रुपये, म्हणजे ६४ आणे. त्या काळच्या श्रेष्ठ फलंदाजास आठ वेळां चकविलें कीं, पुऱ्या महिन्याची कमाई हातीं यावी. असा गुरु आणि अशी परीक्षा रोजच्या रोज लाभल्यावर विद्यार्थी कसा घडणार नाहीं? मात्र येथेंच एक लहानशी गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वर्षानुवर्षें साहेब लोकांस गोलंदाजी करणाऱ्या या मुलास त्या जाळ्यांत स्वतः फळी हातीं धरण्याची संधि कोणी दिली नाहीं. चेंडू टाकणें हें चाकराचें काम, आणि फळी चालविणें हा मालकाचा मान, अशी तेव्हांची समजूत होती.

बाळूची गोलंदाजी डाव्या हाताची व मंद गतीची. ज्यांस या खेळाची बारीक माहिती नसेल, त्यांच्यासाठीं थोडें स्पष्टीकरण करितों. असा गोलंदाज बोटांनीं चेंडूस फिरकी देतो. चेंडू हवेंत उंच जातो, फलंदाजाच्या नजरेस भुलवितो, आणि भूमीस लागतांच उजव्या हातानें खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर वळतो. परंतु प्रत्येक चेंडू तसाच वळूं लागला, तर चतुर फलंदाज लवकरच सावध होतो. म्हणून मधूनच एखादा चेंडू न वळतां सरळ आंत यावा लागतो. कधीं एखादा किंचित्‌ आंखूड, तर कधीं किंचित्‌ जलद टाकावा लागतो. आणि हें सर्व हाताची हालचाल तिळमात्र न बदलतां साधावें लागतें. यांत बळापेक्षां बुद्धि अधिक, आणि बुद्धीपेक्षांहि धीर अधिक लागतो. एकाच टप्प्यावर हजार वेळां चेंडू टाकण्याचा कंटाळा ज्यास येत नाहीं, त्यालाच ही विद्या वश होते. पूना क्लबाच्या जाळ्यांत बाळूनें तोच धीर कमाविला.

त्याची कीर्ति गांवांत पसरली, आणि पुण्यांतील हिंदु क्रिकेट क्लबापुढें एक पेच उभा राहिला. युरोपियन संघास हरवावयाचें तर बाळू हवा. परंतु तो आला तर सोवळेंओवळें कोठें ठेवावयाचें? कांहीं सभासद अनुकूल होते, कांहीं कडवे विरोधक होते. अखेर जिंकण्याच्या इच्छेनें रूढीवर अर्धी मात केली आणि बाळूस संघांत घेतलें. अर्धी असें म्हणण्याचें कारण असें कीं, मैदानावर सर्व गडी एकच चेंडू हाताळीत. परंतु चहाची वेळ झाली म्हणजे इतर मंडळी मंडपांत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, आणि बाळूस मात्र बाहेर उभें राहून मातीच्या मडक्यांतून तो घ्यावा लागे. तोंड धुण्यास पाणी हवें असल्यास तें देण्यास त्याच्याच सारख्या अस्पृश्य मानिलेल्या एखाद्या चाकरास बोलावीत. जेवणाचें पान वेगळें, बसण्याची जागाहि वेगळी. मित्रहो, क्षणभर डोळे मिटून त्या चहाच्या वेळेचें चित्र मनापुढें आणा. ज्यानें तासाभरापूर्वीं संघाची लाज राखिली, तो उन्हांत एकटा उभा आहे; आणि ज्यांची लाज राखिली, ते सावलींत बसून त्याच्याच गोलंदाजीची वाखाणणी करीत आहेत!

साताऱ्यास जाऊन पुण्याच्या या हिंदु संघानें तेथील युरोपियन जिमखान्याचा पराभव केला, तेव्हां बाळूनें ७ गडी बाद केले होते. या विजयानंतर त्याचा जाहीर सत्कार झाला, आणि न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषानें त्याचा गौरव केला. ज्याच्यासंगें आपण खेळतों त्याच्यासंगें खाण्यापिण्यास हरकत कां असावी, असा प्रश्न न्यायमूर्तींनीं संघांतील मंडळींस केला, असें सांगितलें जातें. प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र पुष्कळांस जड गेलें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या दिवसांत, पालवणकर कुटुंब मुंबईस आलें. कांहीं काळ लष्करी पलटणींत व पुढें बॉम्बे, बडोदा ॲण्ड सेंट्रल इंडिया रेल्वेंत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वावतारांत, बाळूंनीं नोकरी केली, आणि त्यांच्या संघांकडून ते खेळले. मुंबईंत परमानंददास जीवनदास हिंदु जिमखाना नुकताच स्थापन झाला होता. तेथेंहि प्रथम विरोध झाला. परंतु गुणग्राहक मंडळींनीं तो मोडून काढिला. फेब्रुवारी १९०६ मध्यें मुंबईंत हिंदु व युरोपियन संघांचा जो सामना झाला, तो या बाबतींत संस्मरणीय आहे. हिंदु संघानें २४२ व १६० धांवा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धांवांत आटोपला, आणि दुसरा डाव बाळू व इराशा यांच्या गोलंदाजीपुढें अवघ्या १०२ धांवांत कोसळला. हिंदु संघ १०९ धांवांनीं विजयी झाला. शिवरामहि त्या संघांत होते. त्या काळच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्रानें या विजयाचें मर्म अचूक हेरलें. पुण्यांत ज्यास चहा मंडपाबाहेर मिळे, त्यास मुंबईच्या जिमखान्यांत सर्वांच्या पंक्तीस बसवून घेतलें गेलें, ही गोष्ट त्या पत्रास धांवांहून मोठी वाटली. आणि ती खरोखरच मोठी होती.

सन १९११ मध्यें बाळूंच्या कीर्तीचा कळस झाला. यापूर्वीं १८८६ व १८८८ सालीं पारशी संघ विलायतेस जाऊन आले होते. परंतु पारशी, हिंदु, मुसलमान व शीख अशा सर्व समाजांतील खेळाडूंचा मिळून एक अखिल भारतीय संघ प्रथमच निघाला तो या वर्षीं. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग हे संघाचे कर्णधार होते. परंतु ते बहुतेक सामन्यांत अनुपस्थित असत. परकी हवा, परकी भूमि, दिवसाआड प्रवास, आणि समोर इंग्लंडांतील कसलेले परगण्यांचे संघ. एकंदर २३ सामन्यांपैकीं ६ जिंकले, १५ हरले व २ अनिर्णित राहिले. संघाच्या दृष्टीनें हें यश थोडेंच. परंतु बाळूंच्या दृष्टीनें हा दौरा दिग्विजयच ठरला. दुखऱ्या खांद्यानिशीं त्यांनीं दौऱ्यांत ११४ गडी बाद केले. त्यांपैकीं ७५ गडी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील असून, त्यांसाठीं दर गड्यामागें सरासरी सुमारें २० धांवा पडल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावांत त्यांनीं १०३ धांवांत ८ गडी टिपले. लेस्टरशायरविरुद्धच्या सामन्यांत त्यांनीं दोन डावांत मिळून ११ गडी बाद केले, आणि संघास विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्ध शिवराम पालवणकर यांनीं नाबाद शतक झळकविलें, आणि तो सामना भारतीय संघानें अवघा एक गडी शिल्लक असतां जिंकला. प्रथम श्रेणीचे दोनच सामने संघानें जिंकले. त्यांपैकीं एकांत थोरला भाऊ चमकला, दुसऱ्यांत धाकटा!

विलायतेंत तरी मैदानावर सर्व समान होते काय? नाहीं, तेथील भेद निराळा होता इतकेंच. हौसेनें खेळणारा तो ‘जंटलमन’ आणि वेतन घेऊन खेळणारा तो नुसता ‘प्लेअर’, अशी विभागणी इंग्लंडच्या क्रिकेटमध्यें होती, व कित्येक मैदानांवर त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या आणि मैदानांत उतरण्याचीं दारेंहि वेगळीं असत. ही पद्धत १९६२ पर्यंत टिकली. रग्बीच्या खेळांत तर १८९५ मध्यें फूटच पडली. गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या खेळाडूंची सामन्यासाठीं बुडालेली मजुरी भरून द्यावी, ही उत्तर इंग्लंडमधील क्लबांची मागणी नाकारली गेली. तेव्हां त्यांनीं वेगळें होऊन आपला निराळा संघ काढिला. तात्पर्य, मैदानाच्या दारावर पहारा ठेवणारे लोक सर्व देशांत आढळतात. पहाऱ्याचें कारण तेवढें बदलतें.

स्वदेशीं परतल्यावर बाळूंचें स्वागत झालें. दलित समाजास तर ते आपला वीरपुरुष वाटले. त्या वेळीं महाविद्यालयांत शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांसहि त्यांच्याविषयीं मोठा अभिमान वाटे. परंतु एक मान त्यांस सतत हुलकावणी देत राहिला. सन १९१२ पासून युरोपियन, पारशी, हिंदु व मुसलमान यांचे चौरंगी सामने सुरू झाले. हिंदु संघांत बाळूंइतका अनुभवी खेळाडू दुसरा नव्हता. तरीहि कर्णधारपद त्यांस मिळेना. सन १९१३ मध्यें कर्णधार झालेले मुकुंदराव पै यांनीं हा मान वास्तविक बाळूंचा होता, असें सत्कारसमारंभांत मोकळेपणीं बोलून दाखविलें. पै यांचा हा प्रामाणिकपणा स्मरणीय आहे. स्वतःच्या डोक्यावरील पागोटें दुसऱ्याचें आहे, हें भर सभेंत सांगणारे लोक थोडे!

सन १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळीं हा अन्याय उघड्यावर आला. पै आजारी होते; नेतृत्व पुण्याच्या दिनकर बळवंत देवधरांकडे देण्यांत आलें, आणि बाळूंस संघांतूनच वगळण्यांत आलें. तेव्हां शिवराम व विठ्ठल या दोघां धाकट्या भावांनीं निषेध म्हणून संघांतून आपलीं नांवें काढून घेतलीं, व आपल्या घराण्यास केवळ जातीमुळें डावललें जात आहे, असें जाहीरपणें कळविलें. त्यांनीं आक्रस्ताळेपणा केला नाहीं. फक्त खेळण्यास नकार दिला. त्यांच्यावांचून संघाचें बळ किती उरतें, हें सर्वांस ठाऊक होतें. लोकमत क्षुब्ध झालें, आणि व्यवस्थापकांस माघार घ्यावी लागली. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यांत पै पुन्हां कर्णधार झाले, बाळू उपकर्णधार झाले, व दोघे भाऊ परतले. त्या सामन्यांत पै कांहीं काळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ संघाची धुरा बाळूंनीं वाहिली. तेव्हां त्यांचें वय चव्वेचाळीस वर्षांचें होतें.

जें थोरल्यास पुरतें मिळालें नाहीं, तें धाकट्यानें मिळविलें. सन १९२३ मध्यें विठ्ठल पालवणकर हिंदु संघाचे कर्णधार झाले, आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं संघानें युरोपियनांवर विजय मिळविला. लोकांनीं त्यांस खांद्यावर घेऊन नाचविलें. विठ्ठलरावांनीं ‘माझें क्रीडा-जीवन’ हें आत्मचरित्र १९४८ सालीं मराठींत प्रसिद्ध केलें. बाळूंनीं प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, सरासरी १५.२१ धांवांत, बाद केले. हे आंकडे कोणाहि श्रेष्ठ गोलंदाजास भूषणावह ठरावे.

उत्तर आयुष्यांत बाळूंनीं समाजकार्यांत भाग घेतला. १९३२ च्या पुणें करारावर त्यांची सही आहे. दलितांच्या उन्नतीच्या मार्गाविषयीं त्यांचे व डॉ. आंबेडकरांचे मतभेद झाले. सन १९३७ च्या निवडणुकींत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले, व ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनीं पराभूत झाले. ध्येय एक असूनहि मार्ग दोन असूं शकतात, हें यावरून दिसून येतें. ता. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून श्रम व चिकाटी यांचा धडा घ्यावा हें तर खरेंच. परंतु तेवढ्यावर थांबल्यास आपण निम्माच पाठ वाचला असें होईल. ‘गुण असले म्हणजे दारें आपोआप उघडतात’ असें आपण सहज म्हणून जातों. बाळूंच्या अंगीं गुण तर होतेच. तरीहि दारें आपोआप उघडलीं नाहींत. आंत बसलेल्या कोणीतरी उठून कडी काढावी लागली. रानड्यांनीं प्रश्न विचारिला, मुंबईच्या मंडळींनीं पंक्तीस घेतलें, पै यांनीं सत्य बोलून दाखविलें, आणि भावांनीं आपला स्वतःचा खेळ पणास लाविला. तेव्हां तें दार थोडें थोडें उघडत गेलें. बाळूंचें काम चेंडू टाकण्याचें होतें, व तें त्यांनीं उत्तम केलें. दार उघडण्याचें काम इतरांचें होतें. तें फार उशिरा झालें.

आज आपणांपैकीं पुष्कळजण मंडपाच्या आंत बसलेले आहेत. म्हणून शाळेच्या मैदानावर एवढें पाहात जा: संघ निवडतांना कोणाचें नांव नेहमींच अखेरीस येतें? मधल्या सुटींत डबा उघडून एकटा कोण बसतो? पहांटे येऊन खेळपट्टीवर पाणी कोण मारितो, व त्याचें नांव आपणांस ठाऊक आहे काय? आणि पालकबंधुभगिनींस नम्र विनंति अशी कीं, आपलें मूल सामना खेळून घरीं आलें म्हणजे ‘जिंकलास कीं हरलास?’ असें अवश्य विचारावें. परंतु त्याबरोबरच ‘आज तुझ्यासंगें कोण जेवलें?’ हेंहि विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर गुणफलकावर मिळतें. दुसऱ्याचें मात्र मुलाच्या तोंडूनच ऐकावें लागतें.